करप्याला ओळखणारे भात

श्रावणात पाऊस, ऊन, ढग असे चालले, की मुरूड-श्रीवर्धनकडच्या भातखाचरांत पानांवर होडीच्या आकाराचे ठिपके दिसू लागतात. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. हा करपा, एका बुरशीचा रोग. लोंबीच्या मानेला लागला तर दाणाच भरत नाही.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी फिरतात. रोपात तसे फिरते पहारेकरी नाहीत. प्रत्येक पेशीने आपली राखण आपणच करायची, तीही प्रथिनांच्या जोरावर. बुरशी आपली प्रथिने पेशीत सोडून आतला कारभार बिघडवते. भाताच्या ‘पिक’ या राखणदार प्रथिनाजवळ मात्र एक आमिष असते. बुरशी ज्याच्या मागावर असते, हुबेहूब त्यासारखाच तुकडा! ती त्याला चिकटली, की पकडली गेली. पुढे काय होते, ते २०१९ साली चिनी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका रोपात पाहिले: अशी पाच प्रथिने जुळून चाक होते, त्याचे टोक पेशीच्या आवरणात रुतते आणि ती पेशी स्वतः मरून रोगाला तिथेच अडवते. सुब्हानल्लाह!

पण बुरशीच्या प्रथिनातला एकच मणी बदलला, तरी ही पकड सुटू शकते. म्हणून काल करप्याला दाद न देणारे वाण काही वर्षांनी बळी पडते, आणि आपण दुकानदाराला बोल लावतो. बियाणे घेताना कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारावे. युरियाची मूठही आवरावी. नत्र जास्त झाले, की पाने लुसलुशीत होतात आणि करप्याचे फावते.