बाळाचा रोजमेळ

व्यापारी घराण्यात वहीला मान असतो. दिवाळीला तिचे पूजन होते, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि रात्री रोजमेळ जुळला नाही तर मालकाला अन्न गोड लागत नाही. हिंगणघाटच्या कापूस बाजारातील अडत असो की वर्धा, पुलगाव, आर्वी येथील किराणा-कापडाची पेढी, हा संस्कार पिढ्यानपिढ्यांचा आहे. आज वहीची जागा संगणकाने घेतली असली तरी संस्कार बदललेला नाही. म्हणूनच अशा घरांत नवजात बाळाचाही रोजमेळ मांडला जाऊ लागला, याचे नवल वाटू नये. फरक इतकाच की ही वही मोबाइल फोनमध्ये असते आणि तिला ‘ॲप’ म्हणतात.

वहीत काय लिहिले जाते

अशी ॲप अनेक आहेत. त्यांची मांडणी मात्र बहुतेक सारखीच. दूध केव्हा पाजले, कोणत्या बाजूने, किती मिनिटे. लंगोट किती वेळा ओला झाला, शीचा रंग कोणता. झोप किती झाली. वजन, ताप, औषधाची मात्रा, पुढील लशीची तारीख. बोटाने एक खूण दाबली की वेळेसह नोंद होते. एकाच खात्यात घरातील दोन-चार जणांना प्रवेश देता येतो.

ही शेवटची सोय आपल्याकडील रीतीला विशेष मानवते. पहिले बाळंतपण माहेरी होते. सून यवतमाळला किंवा अमरावतीला, मुलगा हिंगणघाटच्या पेढीवर आणि सवा महिना मध्ये जायचा. पूर्वी बापाला बाळाची खुशाली पत्राने, पुढे दूरध्वनीने कळत असे. आता रात्री अडीच वाजता आईने केलेली नोंद सकाळी दुकान उघडताना त्याच्यासमोर असते. ड जीवनसत्त्वाचे थेंब आजीने दिले की आईने, हा रोजचा प्रश्नही मिटतो आणि मात्रा दोनदा जात नाही. बालरोगतज्ज्ञ विचारतात, “चोवीस तासांत दूध किती वेळा, लघवी किती वेळा?” रात्र रात्र जागलेल्या आईला हे आठवेलच असे नाही. तिथे ही वही साक्ष देते.

इतके मान्य करूनही एक प्रश्न उरतो. वही लिहिली म्हणजे धंदा झाला, असे कोणताही व्यापारी मानत नाही. मग नोंद केली म्हणजे बाळाची काळजी झाली, असे कसे मानावे?

सेवाग्राम ते गडचिरोली

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कस्तुरबा गांधींचे १९४४ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांच्या नावाने सेवाग्रामात स्त्रिया व बालके यांच्यासाठी छोटेखानी रुग्णालय उभे राहिले. डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नांतून १९६९ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. तेथील अभ्यासकांनी वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण मातांकडून नवजात बाळाच्या धोक्याच्या लक्षणांविषयी माहिती घेतली. तेव्हा असे आढळले की लक्षण ठाऊक असणे आणि बाळ उपचारांपर्यंत पोहोचणे यांत मोठे अंतर आहे. कुठे पैशाची अडचण, कुठे वाहनाची, कुठे घरगुती उपायांवरचा भरवसा. माहिती होती, पण ती पुढे सरकत नव्हती.

हे अंतर कसे मिटवावे, हे वर्ध्यात जन्मलेल्या एका डॉक्टरने त्याच विभागात दाखवून दिले. वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे गांधीवादी प्राध्यापक ठाकुरदास बंग यांचे चिरंजीव डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथील ३९ गावांत १९९५ पासून गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्या बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जात, बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजत, दूध ओढते की नाही हे पाहत आणि सर्व छापील नोंदपत्रकावर लिहीत. मोठे आकडे मोजणे अवघड जाणाऱ्यांसाठी मण्यांचे एक साधे उपकरणही बंग दांपत्याने तयार केले होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी साठाचा मणी सरकला तर लहानग्याला न्यूमोनियाचा धोका समजायचा.

या कामाचा अहवाल डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. यश केवळ नोंदपत्रकाचे नव्हते. पत्रकातील प्रत्येक रकान्याला पुढची कृती जोडलेली होती. अंग थंड लागले तर ऊब द्यायची, दूध ओढत नसेल तर काढून चमच्याने पाजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणे एकत्र दिसली तर आरोग्यदूताने शिकवल्याप्रमाणे औषध व इंजेक्शन द्यायचे आणि रुग्णालयाचा सल्लाही द्यायचा. नोंद पाहणारा डोळा आणि धावणारे पाय एकाच व्यक्तीचे होते. फोनमधील ॲपला पाय नसतात. ते घरच्यांना द्यावे लागतात.

कोणता रकाना महत्त्वाचा

ॲपमध्ये वीस रकाने असतील. पहिल्या सहा आठवड्यांत त्यांपैकी चार-पाचच खरे मोलाचे आहेत.

पहिला दुधाचा. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पिते. मिनिटांचा हिशेब दुय्यम. बाळ जोमाने ओढते का आणि पिऊन शांत होते का, हे मुख्य. दुसरा लघवीचा. सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला होत असेल तर दूध पुरते आहे, हा भरवशाचा पुरावा आहे. तिसरा शीच्या रंगाचा. पहिली काळपट हिरवी शी चार-पाच दिवसांत पिवळी होते. ती पांढुरकी, मातकट दिसू लागली तर एक दिवसही वाट पाहू नये. यकृत व पित्तमार्गाचा गंभीर दोष असू शकतो. चौथा वजनाचा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरतेच. ते दहा टक्क्यांहून अधिक उतरू नये आणि दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत यावे. घरच्या काट्यावर रोज वजन करून जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही; भरवशाच्या काट्यावर आठवड्यातून एकदा पुरते.

पाचवा रकाना पुष्कळ ॲपमध्ये नसतो, तो घरच्यांनी मनात आखावा. बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, हातपाय ढिले पडले, झटके आले, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाले, छातीला खळगा पडू लागला, अंग तापले किंवा गार पडले, बेंबीतून पू आला, पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला किंवा तो पुढे तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, तर नोंद करीत बसू नये. बाळाला उचलून रुग्णालय गाठावे. वेळ मागाहून लिहिता येते.

‘पाणी’ आणि ‘इतर आहार’ हे रकाने पहिले सहा महिने कोरेच राहावेत. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा बाळाला दोन चमचे पाणी द्यावे असे आजीला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या उन्हातही आईच्या दुधातले पाणी बाळाला पुरते. आईनेच जास्त पाणी प्यावे आणि बाळाला वारंवार पाजावे. जैन घरांत मध अभक्ष्य मानला जातो, त्यामुळे मधाचे बोट चाटवण्याची रूढी तेथे नसते. एक वर्षापर्यंत मध देऊ नये, असेच आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. तोच निर्धार साखरपाणी व गुटी यांच्याबाबतीतही दाखवायला हवा.

झडती कोणाची?

एकत्र कुटुंबात ॲपचा एक दुष्परिणाम मूकपणे होतो. दुकानात बसल्या बसल्या सासरे नोंद पाहतात, आत्या फोन करते, “चार तास झाले, दूध का पाजले नाही?” वही बाळाची, पण झडती बाळंतिणीची सुरू होते. मग ती ओरडा टाळण्यासाठी अंदाजे खुणा दाबू लागते. खोट्या नोंदीचा रोजमेळ किती घातक, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. आईचा उत्साह मावळला, ती विनाकारण रडू लागली, बाळाकडे पाहवेना, तर तो ‘नखरा’ नसून उपचार करण्याजोगा आजार असू शकतो. त्यासाठी ॲपमध्ये रकाना नाही; तो घरच्यांच्या नजरेतच असावा लागतो.

म्हणून नोंदीचे काम बाळाच्या बापाने किंवा आजीने घ्यावे. आईने बाळ घ्यावे. वही रात्री एकदा पाहावी. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी ‘पोषण ट्रॅकर’च्या वापरासाठी मिळालेले फोन परत करून निषेध नोंदवला होता. निकृष्ट फोन आणि ॲपमधील इंग्रजी यांच्याशी झुंजताना मुलांसाठीचा वेळ खर्च होतो, हे त्यामागचे दुखणे घरातही लागू आहे. नोंदीचा वेळ बाळाच्या वेळातून कापला जाऊ नये.

फुकटच्या मालाची किंमत

बाजारात फुकट काही मिळत नाही, हे या समाजाला शिकवावे लागत नाही. मोफत ॲप बाळाची जन्मतारीख, वजन, छायाचित्र मागते, तेव्हा ते कशासाठी हे विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली. दुधाची भुकटी, दुधाच्या बाटल्या व दोन वर्षांपर्यंतच्या बालआहाराच्या जाहिराती, नमुने आणि सवलती यांवर तर १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंदीच आहे. ॲपमध्ये अशी जाहिरात दिसली तर ते ॲप काढून टाकावे. आणि ज्यांच्या दुकानात हा माल विकला जातो, त्यांनी आपल्या काउंटरवरही हाच नियम पाळावा.

दारातली वही

गडचिरोलीच्या अनुभवातून स्फूर्ती घेऊन २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. सुस्थितीतील घरांतून “आमचे डॉक्टर आहेत” म्हणून तिला दारातूनच परत पाठवले जाते. असे करू नये. तिला आत बोलवावे, हात धुण्यास पाणी व साबण द्यावा, बाळ दाखवावे, माता व बाल संरक्षण कार्डावर नोंद करून घ्यावी. फोनमधील वही आकडे सांभाळते. आशाताई बाळाला हात लावून पाहते.

सवा महिना उलटला, वजन वाढू लागले, बाळ ओळखीचे हसू लागले की रोजची नोंद थांबवावी. लशींच्या तारखा आणि वजनाचा आलेख तेवढा चालू ठेवावा. ज्या घरांना रोजमेळ कळतो, त्यांना हेही कळते की मेळ जुळला की वही मिटायची असते.