चावीचा ग्रामोफोन आणि विजेचें यंत्र

जुन्या घराच्या माळ्यावर चावीचा ग्रामोफोन आणि लाखेच्या तबकड्यांची पेटी सांपडली, कीं घरांत दोन पक्ष पडतात. जुनी तबकडी जुन्याच यंत्रावर शोभते, असें वडीलधारी मंडळी म्हणतात. नवें यंत्र आणावें, असा तरुणांचा आग्रह असतो. हा वाद केवळ आवडीनिवडीचा नव्हे. तबकडीचें आयुष्यच त्यावर अवलंबून असतें.

चावीच्या यंत्रांत वीज नसते. चावीनें गुंडाळलेली पोलादी कमान तबकडी फिरविते. नागमोडी खांचेंतून जातांना सुई थरथरते. ती थरथर अभ्रकाच्या पडद्याला पोंचते आणि कर्ण्यांतून मोठी होऊन बाहेर पडते. आवाजाचें सारें बळ सुईच्या थरथरींतूनच यावयाचें असल्यामुळें तिच्यावर १०० ग्रॅमहून अधिक, म्हणजे नऊ-दहा तोळे भार असतो. तबकडीच्या प्रत्येक बाजूस नवी पोलादी सुई घ्यावी, हा नियम याचसाठीं. झिजलेली सुई खांचच खरवडूं लागते.

विजेच्या यंत्रांत हिऱ्याच्या सुईची हालचाल सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न करते आणि तो वाढविण्याचें काम अन्यत्र होतें. म्हणून तेथें दोन-चार ग्रॅम भार पुरतो.

तथापि नवें यंत्र म्हणजे निर्दोष यंत्र नव्हे. १९४८ सालीं अमेरिकेंत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी आली. तिच्या बारीक खांचेसाठीं सुईच्या टोंकाची त्रिज्या सुमारें २५ मायक्रॉन ठेवतात. लाखेच्या तबकडीला ती ७५ मायक्रॉनच्या आसपास हवी. बारीक सुई रुंद खांचेच्या तळाशीं घसरते आणि तेथील खरखरच ऐकविते. उलट, दीर्घ तबकडी चावीच्या यंत्रावर लावल्यास एकाच वेळीं तिची नासाडी होते.

वेगाचाही प्रश्न आहे. १९०२ सालीं फ्रेड गायस्बर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या काळांत ७८ फेऱ्यांचा दंडक रूढ झाला नव्हता. वेग चुकला कीं गायकाची पट्टी बदलते. चावीच्या यंत्रांतही वेग लावण्याची सोय असते. परंतु कमान सैल पडूं लागतांच गाणें मंदावतें.

अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं निवर्तले. दीर्घ तबकडी त्यानंतर अकरा वर्षांनीं आली. अशा गायकांचे सूर प्रथम लाखेंतच उमटले, आणि जड सुई ते दर खेपेस थोडे पुसते.

म्हणून दुर्मिळ तबकडी रुंद सुईच्या हलक्या यंत्रावर एकदां लावून तिची ध्वनिप्रत करून घ्यावी. ती स्पिरिटनें मात्र कधींही पुसूं नये. लाख त्यांत विरघळते. चावीच्या यंत्रासाठीं घरांत दोन प्रती असलेली तबकडी राखून ठेवावी. त्यामुळें कर्ण्याचा आनंदही मिळेल आणि गाणेंही उरेल.