डूसेबलचे कॅप्टन

अमेरिकेत हायस्कूलच्या बँडमास्तराचं काम तसं ठरलेलं असतं. फुटबॉलच्या सामन्याला गणवेशातली पोरं मिरवायची, वर्षाकाठी एक-दोन मैफली बसवायच्या आणि उरलेला वेळ वाद्यांच्या दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे याची विवंचना करायची. वॉल्टर डायट यांनीही हेच केलं. मात्र त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत नॅट किंग कोल, जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन, एडी हॅरिस, रिचर्ड डेव्हिस अशी जॅझमधली नावं आहेत. शिकागोच्या दक्षिण भागातल्या, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या सरकारी शाळेचा हा हजेरीपट!

डायट मास्तरकी करायला निघालेच नव्हते. जन्म १९०१चा, मिझुरीतला. वडील पाद्री, आई गाणारी आणि पियानो वाजवणारी. १९२१मध्ये ते शिकागोला आले ते डॉक्टर व्हायला. घराला हातभार लावायची वेळ आली, शिक्षण सुटलं आणि पोटासाठी हातात व्हायोलिन आलं. तेव्हा मूकपटाच्या पडद्यासमोर वाद्यवृंद बसत असे. व्हेंडोम थिएटरातल्या अर्स्किन टेट यांच्या नामांकित वाद्यवृंदात डायट वाजवत. मग बोलपट आले आणि वादकांच्या नोकऱ्या पटापट गेल्या. १९३१मध्ये ते वेंडेल फिलिप्स हायस्कुलात लागले आणि १९३५मध्ये जवळच नवी शाळा उघडली, तिथे गेले. हीच पुढची डूसेबल. संगीताची पदवी त्यांनी १९३८मध्ये घेतली, म्हणजे शिकवायला लागल्यावर सात वर्षांनी.

विद्यार्थी त्यांना ‘कॅप्टन’ म्हणत; ही उपाधी लष्करी बँडमधली. शिस्तही तिथलीच. भल्या मोठ्या बँडमध्ये एकाचा सूर घसरला तरी कॅप्टन नेमकं त्याच्याकडे बघत, असं माजी विद्यार्थी सांगत. चुकलेल्याला वर्गाबाहेर काढायचं आणि काही दिवसांनी परत घ्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. ग्रिफिनला हवा होता टेनर सॅक्सोफोन. जीन अ‍ॅमन्सला ऐकून पोरगा वेडावला होता. कॅप्टननी त्याच्या हातात क्लॅरिनेट दिलं, मग ओबो, मग आल्टो सॅक्सोफोन. टेनर त्याला मिळाला तो १९४५मध्ये शाळा सुटल्यावर लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये. तोवर बोटं आणि श्वास दोन्ही घोटून तयार झाले होते.

डायट यांना ‘जॅझचे गुरू’ म्हणायची पद्धत आहे, ती मला अर्धवट वाटते. त्यांच्या वर्गात रोजचा रियाज होता तो स्वरलिपी वाचण्याचा आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचा. संध्याकाळी कुठल्याही थिएटरात, समोर ठेवलेला कागद पहिल्या फटक्यात वाजवता आला तर पोराचं पोट भरेल, हा त्यामागचा रोकडा हिशेब. शिकागोत वादकांच्या संघटनासुद्धा गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी होत्या. त्या एक व्हायला १९६६ उजाडलं. सिंफनी वाद्यवृंदांचे दरवाजे तर बंदच. उत्तम अभिजात तालीम घेतलेला डबल बास वादक रिचर्ड डेव्हिस जॅझकडे वळला, त्यात या बंद दरवाज्यांचाही हात आहे.

पैशांचा प्रश्न डायट यांनी ‘हाय जिंक्स’ने सोडवला. गाणी, नाच, विनोदी प्रवेश असा मुलांनीच उभा केलेला वार्षिक खेळ. तिकिटांच्या उत्पन्नातून वाद्यं यायची. रंगमंचावर उभं कसं राहायचं, हेही पोरं तिथेच शिकली.

पन्नाशीच्या दशकात सन रा या अवलियाने शिकागोत आपला विक्षिप्त वाद्यवृंद उभारला, तेव्हा जॉन गिलमोर, पॅट पॅट्रिक, ज्युलियन प्रीस्टर, रॉनी बॉयकिन्स हे बिनीचे शिलेदार डूसेबलचेच निघाले. कवायती शिस्तीतून असं मुक्त संगीत निघालं याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. इतकं अवघड, मोडतोड केलेलं संगीत वाजवायला पाया पक्का असलेलीच माणसं लागतात.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला डायट यांनी डूसेबल सोडली; १९६९मध्ये ते गेले. १९७२मध्ये शिकागोत त्यांच्या नावाचं विद्यालय सुरू झालं. शहराच्या शिक्षण मंडळाने पुढे ते टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं, तेव्हा २०१५मध्ये पालक आणि कार्यकर्ते ३४ दिवस उपोषणाला बसले. पुढच्या वर्षी ते पुन्हा उघडलं, कलाशिक्षणाचं हायस्कूल म्हणून.