नव्या संगणकाला राखण कोणती?

बेदाण्याची पट्टी हाती आली की तासगाव भागात घरोघरी काही ना काही खरेदी निघते. आमच्याकडच्या एका द्राक्ष बागायतदार आबांनी यंदा घरात संगणक आणला. थोरली मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते, शिवाय बागेचा हिशोब वहीतून बाहेर काढायचा होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी मला फोन आला. "साहेब, मशीन तर आणलंय. पर ह्येला व्हायरस लागू नये म्हणून कुठलं औषध मारायचं? आन् व्हॉट्सअॅप मोठ्या पडद्यावर दिसतंय म्हणत्यात, ते घ्यावं का दुसरं काय?"

मी शेती खात्याचा माणूस. पण हल्ली आमचे पंचनामे आणि नोंदण्या सगळ्या संगणकावरच होतात, त्यामुळे चार ठेचा खाऊन थोडेफार कळू लागले आहे. संध्याकाळी वस्तीवर गेलो.

दुकानदाराने "सगळं टाकून दिलंय" असे सांगितले होते. बिल पाहिले तर त्यात विंडोजचा उल्लेखच नाही. म्हणजे ती फुकटातली, कुलूप तोडलेली प्रत. अशी प्रत चालवायला एक छोटा प्रोग्राम लागतो आणि तो पकडला जाऊ नये म्हणून विंडोजच्या पहारेकऱ्याला "या फोल्डरकडे बघू नकोस" असे सांगून ठेवतात. थोरलीने 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'एक्सक्लूजन्स' पाहिले, तर तसा एक फोल्डर तिथे होताच. वर आणखी एक महिनाभराच्या मुदतीचा अँटिव्हायरस बसवला होता. कुंपणाला मुद्दाम भगदाड पाडायचे आणि फाटकाला दोन कुलुपे लावायची, असला हा प्रकार. आबांनी मशीन दुकानात परत नेले आणि अस्सल विंडोज पैसे देऊन घातले. पैसे गेले म्हणून ते दोन दिवस कुरकुरले. मला मात्र त्या सगळ्या खरेदीत हाच खर्च सर्वांत गरजेचा वाटतो.

आता अँटिव्हायरसचे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा 'डिफेंडर' विंडोजमध्येच येतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. पूर्वी त्याला फारसे कोणी विचारत नसे. पण जर्मनीतील एव्ही-टेस्टसारख्या तपासणी संस्था निरनिराळ्या अँटिव्हायरसची नियमित परीक्षा घेतात, त्यात अलीकडच्या वर्षांत तो वरच्या गुणांनी उतरत आला आहे. घरच्या वापराला तो पुरेसा आहे, असे माझे मत. मात्र तो चालू पाहिजे आणि विंडोजचे अपडेट रोखता कामा नयेत. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता तेच सापडले.

विकतचा घ्यायचाच असेल तर घ्यावा, त्यात गैर काही नाही. पुण्याचा क्विक हील आपल्याकडे बऱ्याच दुकानांत मिळतो. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी नव्वदच्या दशकात पुण्यात दुरुस्तीचे दुकान काढले आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, त्यातून ही कंपनी उभी राहिली. विकत घेतल्यावर मुदत संपण्याची तारीख मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. दोन अँटिव्हायरस एकत्र कधीच नकोत. दोन औषधे एकाच टाकीत मिसळल्यावर कधी कधी द्रावण फाटते, तशी ही दोघे एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि मशीन बैलगाडीच्या चालीने चालते.

फुकट मिळणाऱ्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. अवास्ट हा फुकट अँटिव्हायरस पुष्कळ लोक वापरत. लोक इंटरनेटवर काय काय पाहतात ती माहिती या कंपनीने विकली, म्हणून २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची आणि अशी विक्री बंद करण्याची कारवाई केली. राखणदारच घरातली खबर बाजारात विकत होता.

जुना संगणक घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि नोंदणी करणाऱ्यांना वाढीव मुदत मिळाली तीही वर्षापुरतीच. मशीन विंडोज ११ घेते का, हे पैसे देण्याआधी विचारावे. स्वस्तातली बरीच जुनी मशीन घेत नाहीत.

मशीन परत आल्यावर मी आबांना द्राक्षाचे खत वेळापत्रक द्यावे म्हणून माझा पेनड्राइव्ह लावला. लावताक्षणी कोपऱ्यात डिफेंडरची सूचना आली, धोका सापडला म्हणून. दुपारीच तो पेनड्राइव्ह एका झेरॉक्सच्या दुकानात लावला होता, तिथून काही चिकटून आले असणार. "साहेब, औषध सांगायला आला आन् रोग तुमीच घिऊन आला की!" आबा हसले. मला मात्र घाम फुटला.

निरोपाच्या सॉफ्टवेअरमध्ये निवड कमी आणि काळजी जास्त. अडते, खतवाले, पाहुणे सगळे व्हॉट्सअॅपवर, मग आबांनी एकट्याने दुसरीकडे जाऊन बोलायचे कोणाशी? २०१६ पासून त्यावरचे निरोप पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतील अशा रीतीने जातात. टेलिग्रामवर तसे आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळी 'सिक्रेट चॅट' सुरू करावी लागते. सिग्नल चांगले आहे. थोरली मैत्रिणींशी त्यावर बोलते, तिने ते ठेवावे. कोणतेही घ्या, पण मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून किंवा त्या कंपनीच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवा. गुगलवर शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीतून नव्हे.

आपल्या भागात पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाइल मोबाइलवर उघडून फसल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. संगणकावर ती एपीके सहसा चालत नाही, पण तिचे भाऊबंद चालतात. 'बेदाणा दर डॉट पीडीएफ' असे नाव दिसते आणि त्यामागे 'डॉट ईएक्सई' लपलेले असते. कारण विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट झाकून ठेवते. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेंशन्स'वर खूण केली की ते दिसू लागते. हे काम थोरलीने अर्ध्या मिनिटात केले.

व्हॉट्सअॅप संगणकाला जोडताना आणखी एक सावधगिरी लागते. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन संस्थेने एका फसवणुकीबद्दल इशारा दिला होता. ओळखीच्याच माणसाकडून "तुझा फोटो बघ" असा निरोप येतो, लिंक उघडल्यावर मोबाइल नंबर विचारतात, मग एक कोड देऊन तो व्हॉट्सअॅपमध्ये टाकायला सांगतात. तो कोड टाकला की लबाडाचाच संगणक तुमच्या खात्याला जोडला जातो. पासवर्ड चोरावा लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. तोही कॅलेंडरवर लिहून ठेवला.

एवढे सांगून झाल्यावर मी आबांच्या मोबाइलवर 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडले. तिथे दोन संगणक दिसले. एक समोरचा. दुसरा कोणता, ते आबांना आठवेना. मग म्हणाले, "गेल्या आठवड्यात पासबुकाची प्रिंट काढाया दुकानात व्हॉट्सअॅप लावलं हुतं, तेवढंच." प्रिंट घेऊन ते बाहेर पडले होते, लॉग आउट केले नव्हते. थोरलीने ते नाव तिथल्या तिथे काढून टाकले.

आबा बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. "म्हंजी आठवडाभर माजं अडत्यासंगटचं सौदं त्या दुकानात दिसत हुतं?"

दिसू शकत होते. मी तसे सांगितले.