कुजकी कोळंबी कोण खाणार?

समुद्रावर गरवायला जायचं ठरलं की नवशिक्याचा सगळा पैसा रॉड आणि रिळावर जातो. दुकानदारही तेच दाखवतो. आमिषाची आठवण होते ती निघता निघता. मग बाजारात शेवटी जी उरलेली असते ती, डोकी काळी पडलेली, नाकाला रुमाल लावायला लावणारी कोळंबी पिशवीत पडते. वर समजूत अशी, की माशाला काय, वासच तर हवा! कोकणात जेट्टीच्या कठड्याला टेकून दिवसभर उभ्या राहणाऱ्या आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतणाऱ्या मंडळींपैकी बऱ्याच जणांचं घोडं इथेच पेंड खातं.

मासा वास घेतो हे खरं, पण कसला? ताज्या मांसातून अमिनो आम्लं पाण्यात पाझरत असतात आणि माशाच्या नाकपुड्या त्यांचाच माग काढतात. कोळंबीत ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. ताजी कोळंबी आपल्याला गोड लागते त्यात त्याचा मोठा वाटा आहे. कोळंबी कुजली की जिवाणू हीच द्रव्यं फोडतात आणि मागे अमोनियासारखा दर्प उरतो. म्हणजे आपल्या नाकाला जो वास ‘जोरदार’ वाटतो, तो खाद्य संपल्याचा वास असतो. जी कोळंबी तुम्ही घरच्या कालवणात घालणार नाही, ती गळालाही लावू नये.

अपवाद शिंगाळ्याचा. त्याच्या मिशांवरच चव ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे गढूळ पाण्यात तो चाचपत येतो आणि शिळंपाकंही गिळतो. पण पहिल्याच दिवशी शिंगाळा लागावा अशी इच्छा धरू नका. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांचे काटे विषारी असतात. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने ठणका कमी होतो, आणि मग डॉक्टर गाठायचा.

खरेदी सोपी आहे. मोठी, महागडी कोळंबी नको. करंदीच्या आकाराची पुरते. कवच चकचकीत, डोकं घट्ट, डोक्याच्या सांध्यात काळेपणा नाही, एवढं पाहा. दोघांच्या एका सकाळसाठी अर्धा किलो कोळंबी, दोन माकुलं आणि एक बांगडा पुष्कळ झाले. घरी आणल्यावर नळाखाली धुवायचा मोह मात्र आवरा. गोड्या पाण्यात आमिष मऊ पडतं आणि हवा तो रसही वाहून जातो. धुवायचंच तर खाऱ्या पाण्यात. थर्मोकोलच्या खोक्यात सुटा बर्फ टाकण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, म्हणजे वितळलेलं पाणी आमिषाला लागत नाही. कोळंबी वर्तमानपत्रात गुंडाळून बाटल्यांमध्ये ठेवली की दुपारपर्यंत टिकते. एका वेळी चार-पाचच बाहेर काढायच्या. किनाऱ्यावरचं ऊन अर्ध्या तासात कोळंबीची रया घालवतं.

आता गळाला लावणं. इथे घाई करू नये. डोकं मोडून बाजूला ठेवायचं, शेपटीचा पंखा खुडायचा. गळाचं टोक शेपटीकडून आत घालून कोळंबीच्या बाकाप्रमाणे सरकवत न्यायचं आणि पोटाकडून बाहेर काढायचं. कोळंबी गळाच्या वळणावर सरळ न राहता तशीच वाकलेली बसली पाहिजे, नाहीतर ओढताना ती पाण्यात गरगर फिरते आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, पिळवटते. कवच काढायचं की ठेवायचं? लहान तोंडाच्या माशांसाठी काढा, खेकडे आणि केंड मासे त्रास देत असतील तर ठेवा. काहीही केलंत तरी गळाचं टोक मोकळं राहिलं पाहिजे. नवशिक्या नेमकं टोकच मांसात लपवतो, माशाला दिसू नये म्हणून. मासा आमिष चावतो, गळ मांसातच रुतलेला राहतो आणि वर येतो तो रिकामा लोखंडी आकडा. मऊ आमिष असेल, उदाहरणार्थ कालवं किंवा तिसऱ्या, तर शिवणकामातल्या बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे पाच-सहा वेढे द्यावेत. गाठ मारायचीही गरज नसते, दोरा आपोआप धरून राहतो.

गळाचे आकडे नव्या माणसाला गोंधळात टाकतात. साध्या आकड्यांत नंबर जितका मोठा तितका गळ लहान, दहा नंबर आठपेक्षा बारीक. ‘एक शून्य’, ‘दोन शून्य’ हे मात्र उलट, वाढत्या आकाराचे. वाळूच्या किनाऱ्यावर मुडदुशी गरवायची तर आठ किंवा दहा नंबरचा गळ आणि करंगळीच्या नखाएवढा कोळंबीचा तुकडा. तिचं तोंड इवलंसं असतं आणि ती वाळूतले किडे, बारीक कवचधारी जीव टिपून खाते. अख्खी कोळंबी लावलीत तर ती कडा कुरतडून निघून जाईल आणि तुम्हाला वाटेल, इथे मासाच नाही. बोय तर कोळंबीकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. ती चिखलावरचं शेवाळ आणि गाळातलं बारीकसारीक खाते, म्हणून तिच्यासाठी कणकेचा गोळा. कापसाचे तंतू मिसळून मळला तर पाण्यात लवकर विरघळत नाही. खडकाळ जागी किंवा खारफुटीच्या मुळांशी तांबोशी असते. तिला बांगड्याची पट्टी किंवा लहान खेकडा आवडतो.

बांगडा आणि तारली तेलकट, त्यामुळे त्यांचा माग पाण्यात लांबवर जातो, पण मांस मऊ. यावर उपाय मीठ. बांगड्याचे काप काढून त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या करा, कातडी ठेवूनच. जाडं मीठ, पट्ट्या, पुन्हा मीठ असे थर डब्यात लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सुटलेलं पाणी सकाळी ओतून टाका. मीठ मांसातलं पाणी शोषतं, पट्टी चिवट होते, जिवाणूही आवरतात. गळ मांसाच्या बाजूने घालून कातडीतून बाहेर काढायचा, म्हणजे भार कातडी पेलते. माकुलाला हे लाड लागत नाहीत. साफ करून एका टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या कापा, रुंद टोकाला गळ दोनदा ओवा आणि निमुळतं टोक सुटं सोडा. ते प्रवाहात हलतं. केंडाच्या दातांपुढे टिकायचं तर माकूलच. कोळंबी तो क्षणात साफ करतो. केंड गळाला लागला तर पाण्यात सोडून द्या. त्याच्या शरीरात टेट्रोडोटॉक्सिन असतं आणि ते शिजवूनही जात नाही.

कुठलं आमिष न्यायचं हे बरंचसं पंचांग ठरवतं. भरतीचा ढोबळ हिशोब किनाऱ्यावर सर्वांना पाठ: तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमीला पावणेचारच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाला. खाडीत आत गेलात तर आणखी उशीर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात धावतं, तिथे मऊ आमिष फेकताच सुटतं. तेव्हा माकूल आणि मिठातला बांगडा. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाणी संथ, तेव्हा कालवं, सोललेली कोळंबी चालते.

जिवंत कोळंबी हे जिताड्यासाठी नामी आमिष आहे, पण पहिल्या फेरीत त्या फंदात पडू नका. ती खाडीच्याच पाण्यात ठेवावी लागते, पाणी सारखं बदलावं लागतं, आणि गळ डोक्यातल्या काळ्या ठिपक्याला न लागता शिंगाखालून घालावा लागतो. हात बसल्यावर हे जमतं.

जागा निवडतानाही विचारून घ्या. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पावसाळ्यात तर खडकांवर पाऊल टाकू नये. लाट सांगून येत नाही.

उरलेली कोळंबी गोठवू नका. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि पुढच्या वेळी हातात लगदा येतो. मीठ लावून ठेवा, नाहीतर तिथेच पाण्यात सोडा. तुटलेली तंगूस, पिशव्या आणि थर्मोकोलचे तुकडे मात्र घरी न्यायचे.