गवतातले निळे डोळे



सध्या वैशाखाचे ऊन तापते आहे. सोलापूर रस्त्याने यवतकडे जाताना दौंड तालुक्यातील कासुर्डीच्या कोरडवाहू रानात आज हिरवे असे फारसे दिसणार नाही. आषाढात मात्र त्याच वाटेने सकाळी जा. बाजरीच्या ओळींतून, बांधाच्या कडेने, गवताच्या दाटीत इवलेसे निळे डोळे उघडलेले दिसतील. दुपार होता होता ते मिटतात. हा आपला केना.

अमेरिकेत सिसिरिंकियम नावाचे एक रानफूल आहे. तिकडचे लोक त्याला ‘निळ्या डोळ्यांचे गवत’ म्हणतात. पाने अरुंद, फूल निळे, मध्यभागी पिवळे. पण ते गवत नव्हे. ते आयरिसच्या कुळातले, म्हणजे आपल्या केशराच्या नात्यातले आहे. आपणही केन्याला सहज ‘गवत’ म्हणून टाकतो. मग केन्याचे कूळ कोणते? आणि ते कळल्याने आपल्याला काय लाभ?

गवत, सिसिरिंकियम व केना ही तिन्ही एकदल झाडे. एवढ्यावरून ती एका घरची ठरत नाहीत. घर ओळखायचे ते फुलावरून. गवताच्या फुलाला रंगीत पाकळ्या नसतात. कोंड्यासारखी तुसे असतात, कारण त्याचे पराग वारा नेतो. सिसिरिंकियमच्या फुलाला सहा सारख्या पाकळ्या, तीन पुंकेसर, आणि बीजकोश पाकळ्यांच्या खाली. केन्याची मांडणी निराळी. बाहेर तीन हिरवट दले, आत तीन पाकळ्या, आणि बीजकोश पाकळ्यांच्या वर. कळ्या एका हिरव्या नरसाळ्यात दडलेल्या असतात व एकेक करून बाहेर येतात. फुलात मध मुळीच नाही. काही वांझ केसरांची टोके पिवळीधमक असतात, त्यांना भुलून कीटक येतात. पान रुंद, आणि त्याचा तळ खोडाभोवती बंद नळीसारखा. बहुतेक गवतांत ही नळी उभी चिरलेली असते. म्हणून केन्याचे कूळ वेगळे: कोमेलिनेसी.

या नावामागे एक गमतीची कथा आहे. सतराव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅममध्ये यान कोमेलिन व त्यांचे पुतणे कास्पार हे नामांकित वनस्पतिज्ञ होते. रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या कोकणी वैद्यांनी ज्या ‘हॉर्टस मलबारिकस’ ग्रंथाला साहाय्य केले, त्याच्या काही खंडांना यान यांनी टिपा लिहिल्या होत्या. लिनियसने 1737 साली लिहिले, की दोन ठसठशीत पाकळ्या या दोघांच्या, आणि तिसरी तोकडी पाकळी शास्त्रात काही करून दाखविण्याआधीच वारलेल्या तिसऱ्या कोमेलिनची. पुढे 1753 मध्ये आपल्या केन्याला त्याने कोमेलिना बेंगालेन्सिस हे नाव दिले.

आता मुख्य गोष्ट. केना वर फुलतो तसा जमिनीखालीही फुलतो. मातीतल्या आडव्या खोडांवर पांढुरकी, कधीच न उघडणारी फुले येतात. त्यांना ना ऊन लागते, ना कीटक. स्वतःच्याच परागावर ती बी धरतात. वरचे लहान व मोठे, खालचे लहान व मोठे, असे एकाच झाडाचे चार प्रकारचे बी! ते सगळे एकदम उगवत नाही. पहिली खुरपणी उरकली, की मागचे वर येते. शिवाय कोळप्याने तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला, तर त्याच्या पेरांना मुळे फुटतात.

खुरपणाऱ्या बाईला हे सारे ठाऊक असते. ती उपटलेला केना रानात टाकीत नाही. पाटीत भरून गुरांपुढे नेते, आणि कोवळी पाने भाजीला ठेवते. याउलट नुसते ‘गवत’ म्हणून उपाय करणारा फसतो. केवळ गवतकुळावर चालणाऱ्या तणनाशकाने केना मरत नाही. ग्लायफोसेटलाही तो बराच दाद देत नाही. 2000 सालानंतर अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कापसाच्या शेतांत हाच आपला केना मोठा उपद्रव होऊन बसला. तिथे ग्लायफोसेट सहन करणारे वाण आले, मशागत कमी झाली. इतर तणे मेली, आणि केन्याला रान मोकळे मिळाले.

तेव्हा वर्गीकरण म्हणजे पंडितांनी नावे पाठ करण्याचा खेळ नव्हे. कोण कोणाचा सोयरा हे कळले, म्हणजे कोणाशी कसे वागावे हे कळते. आज आपण इथे बसलो आहोत, तेव्हा कासुर्डीच्या तापल्या मातीत ते बी वाट पाहत पडले आहे. पाऊस पडला की एकदा सकाळीच तिकडे जा, वाकून एक फूल हातात घ्या, आणि त्या तिसऱ्या पाकळीकडे मुद्दाम पाहा.