अर्धांगवायूनंतरचे घर

अर्धांगवायूचा रोगी दवाखान्यातून घरी परतला, म्हणजे 'वाचला' असे म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु तो पुढे जगतो कसा, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने तुंबली किंवा फुटली, की मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. डाव्या भागास इजा झाली तर उजवा हात-पाय लुळा पडतो. पुष्कळदा वाचाही जाते. ही झाली शरीराची हानी. तीमुळे रोजच्या जगण्यात काय अडते, ही गोष्ट निराळी. तेवढाच लुळा पाय एका घरात चालतो. दुसऱ्या घरात उंच उंबरा, निसरडी मोरी आणि उकिडवे बसण्याचा संडास यांपुढे तो हतबल होतो. म्हणजे पांगळेपणा काही अंशी घराच्या बांधणीतही असतो!

अमेरिकेत १९६५ साली डॉ. फ्लॉरेन्स महोनी व डोरोथिया बार्थेल यांनी एक मोजणी प्रसिद्ध केली. जेवण, स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणावरून खुर्चीवर बसणे, चालणे, जिना चढणे अशी तीत दहा कृत्ये असून एकूण गुण १०० आहेत. मात्र १०० गुण मिळालेला माणूस एकटा राहू शकेलच असे नाही. स्वयंपाक, बाजारहाट, पारावर चार शब्द बोलणे यांना तीत गुणच नाहीत; आणि कुंडलसारख्या गावात माणसाचे माणूसपण तर तेथेच असते.

मग घरच्यांनी काय करावे? सून मायेने घास भरवते, मुलगा सदरा घालतो. वेळ वाचतो, पण रोग्याचा सराव बुडतो. त्याला जे जमते ते त्यालाच करू द्यावे, उशीर झाला तरी चालेल. मोरीत धरायला दांडी बसवावी, संडासात उंच बैठक ठेवावी. गिळताना ठसका लागत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

तथापि सारा भार घरावर टाकून भागत नाही. भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रोग्यांवर झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करविल्याने, सहा महिन्यांनंतरचे मृत्यू व परावलंबन नेहमीच्या उपचारापेक्षा कमी झाले नाही. माया हवीच, पण तिच्या जोडीला जाणता हातही हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा माणसांच्या हक्कांना आधार दिला आहे. तो आधार घरापर्यंत पोहोचविणे हे समाजाचे काम होय.

१९४३ च्या सुमारास प्रतिसरकारचा कारभार पाहिलेल्या या गावाला, एकट्याला न पेलणारे ओझे दहाजणांनी कसे उचलावे, हे आम्ही काय सांगावे?